कांदाभजी, हिरवी चटणी आणि माझा कागद

माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास दारापाशी विचारला जातो. रक्तदाब मोजून झालेला असतो, गोळ्यांची चिठ्ठी सुनेच्या पर्समध्ये गेलेली असते, आजोबा काठी टेकत उंबऱ्यापर्यंत पोहोचलेले असतात. तिथे ते थबकतात आणि बरोबर आलेल्यांकडे न पाहता हळूच विचारतात, "डॉक्टर, एखादं भजं खाल्लं तर चालेल का?"

अठ्ठावीस वर्षे मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो. "तळलेले बंद." दोन शब्द. द्यायला सोपे, वेळ न खाणारे आणि वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित वाटणारे. सून समाधानाने मान हलवी, आजोबा खाली पाहत आणि मी पुढच्या रुग्णाला आत बोलावी. या उत्तराची किंमत काय असते हे मला माझ्या घरीच कळले. कसे, ते आज सांगणार आहे. त्याबरोबर कांदाभजी आणि हिरवी चटणी कशी करावी हेही सांगेन. पाककृतीवाचून ही हकीकत अपुरी राहील.

माझा दवाखाना शिरूरला आहे. घर मात्र राळेगणसिद्धीचे. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला आत वळले की थोड्याच वेळात आमचे गाव येते. गावात आई, थोरले बंधू आणि वहिनी राहतात. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, चार दिवसांनी ती घरी आली. डिस्चार्ज कार्डावर आहाराविषयी एकच ओळ होती: मीठ व स्निग्ध पदार्थ कमी. मुलगा डॉक्टर असल्यामुळे त्या एका ओळीचा मी पानभर विस्तार केला. मोठ्या अक्षरांत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा. लोणचे नाही, पापड नाही, तूप नाही, साय नाही, शेंगदाण्याचे कूट नाही, खोबरे नाही, तळलेले काहीही नाही. एकूण चौदा गोष्टी होत्या. तो कागद मी स्वतः स्वयंपाकघरातील फळीखाली चिकटवला आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात शिरूरला परतलो.

आई आज्ञाधारक निघाली. तिने एकदाही तक्रार केली नाही, हीच खरे तर मला सावध करणारी गोष्ट ठरायला हवी होती. दर आठवड्याला मी गावी जाई, रक्तदाब पाही, नाडी पाही, गोळ्यांची डबी तपासी. आकडे उत्तम होते. ती हळूहळू कमी जेवू लागली होती. भाकरीचा चतकोर, मग त्याचाही अर्धा. "भूक नाही" म्हणे. वयोमानाने आहार घटतोच, असे मी वहिनींना सांगे. माझ्या दवाखान्यात वजनकाटा आहे, दिवसाला चाळीस माणसे त्यावर उभी राहतात. आईला मात्र अकरा महिन्यांत मी एकदाही त्यावर उभे केले नव्हते.

मग कांदेनवमी आली. आषाढ शुद्ध नवमीची ही प्रथा आपणांस ठाऊक आहेच. दोन दिवसांनी आषाढी एकादशी, तेव्हापासून चातुर्मास; जी घरे तो पाळतात तिथे कांदा, लसूण, वांगे चार महिने वर्ज्य. म्हणून नवमीला कांद्याचे जे जे होईल ते सारे करून खायचे. आई चातुर्मास कडक पाळते. त्या दिवशी मी कळवल्यावाचून गावी गेलो होतो. अंगणात पाय ठेवला तोच तळणीचा वास आला. आत पाहतो तर आई चुलीपासून थोडे दूर पाटावर बसलेली, पुढ्यात ताटली, ताटलीत भजी आणि बाजूला हिरवी चटणी. ती खात होती. नुसती खात नव्हती, अकरा महिन्यांत पाहिले नव्हते अशा मन लावून खात होती.

मी रागावलो. वहिनींना आवाज चढवून बोललो, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. त्यांनी झारा कढईच्या काठावर ठेवला, पदराला हात पुसले आणि फळीखालच्या कागदाकडे बोट दाखवले.

"भावजी, काय खायचं नाही ते सगळं लिहिलंय तुम्ही. काय खायचं ते कुठं लिहिलंय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच संध्याकाळी गावातील डेअरीजवळच्या दुकानातून वजनकाटा मागवून आईला त्यावर उभे केले. साडेबेचाळीस किलो. रुग्णालयातून सुटताना ती एकोणपन्नास किलोंची होती. म्हाताऱ्या माणसाचे वजन सहा ते बारा महिन्यांत, काही न ठरवता, पाच टक्क्यांहून अधिक उतरले तर तो धोक्याचा इशारा मानावा असे आम्ही शिकतो आणि शिकवतो. आईचे तेरा टक्क्यांहून अधिक उतरले होते, आणि तिचा वैद्य तिच्याच पोटचा होता.

उतारवयात वजन उतरते तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायू जातात. मांडीचे स्नायू गेले की खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, मग तोल जातो, मग न्हाणीत पडणे, खुब्याचे हाड आणि अंथरूण. जखम भरत नाही, सर्दीचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. ऐंशी वर्षांच्या कृश व्यक्तीला कोलेस्टेरॉलपेक्षा उपासमार पुष्कळदा लवकर गाठते. म्हणूनच वृद्धांचे पथ्य तरुणांच्या मापाने कापू नये, ते शक्य तितके सैल आणि ज्याचे त्याला बेतलेले असावे, हा विचार आता आहारशास्त्रात चांगला रुजला आहे. मला तो पुस्तकातून ठाऊक होता. आईच्या बाबतीत मी तो वापरला नाही; भीती वाटत होती म्हणून.

आता भजी. आईच्या लेखी भजे म्हणजे काय, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

आमचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळात आई तिशीची होती आणि मी तीन वर्षांचा. तिने दुष्काळी कामावर खडी फोडली. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी यांवर ती वर्षे निघाली. तेल ही तेव्हा डोक्याला आणि दिव्याला लावायची वस्तू. कढई चढायची ती वर्षातून दोनचारदा, सणाला. पुढे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावात जे घडले ते महाराष्ट्राला माहीत आहे. नाल्यांवर बांध पडले, पाझर तलाव दुरुस्त झाले, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली, आणि विहिरींना पाणी टिकू लागले. पाणी फार पिणाऱ्या पिकांना आवर घालून गाव ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला आणि कांदा यांकडे वळले. आमच्याही वावरात कांदा लागला. पहिला कांदा विकून वडील घरी आले त्या दिवशी त्यांनी गोडे तेलाची बाटली आणली होती. आईने त्या संध्याकाळी भजी केली. आम्हा भावंडांना मोजून सहा-सहा मिळाली, वडिलांना आठ. आईने स्वतः झाऱ्यात उरलेला चुरा खाल्ला, आणि पुढेही वर्षानुवर्षे चुराच खाल्ला. आम्हाला वाटे, तिला तोच आवडतो.

अशा बाईला मी चौदा वस्तूंची यादी दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या, आठवड्यातून एकदा मोजकी भजी ताज्या तेलात तळून दिली तर हरकत नाही, वजन वाढवणे अधिक महत्त्वाचे, असे त्यांनी सांगितले. मग मी वहिनींच्या हाताखाली उमेदवारी केली. आजवर मी फक्त भजी खाल्ली होती, कधी केली नव्हती.

कांदा गावरान घ्यावा. उन्हाळ्याच्या तोंडी निघालेला, चाळीत वाळलेला, पातीचे तोंड घट्ट मिटलेला. पावसाळ्यानंतर येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो. त्याला पीठ जास्त लागते आणि भजे चिकट होते. वीस भज्यांसाठी मध्यम आकाराचे तीन कांदे पुरतात. चिरण्यात एक बारकावा आहे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. खेकडा भज्यांसाठी आपण कांदा उभा चिरतो, त्याच्या लांब फोडी तळून कडक, काटेरी होतात. तरुण दातांना ते सुख आहे. आईला खालची कवळी आहे आणि ती बहुतेक वेळ फळीवरच्या वाटीत असते. अशांसाठी कांदा आडवा, पातळ आणि मग पुन्हा मधून कापावा. फोडी आखूड होतात, धागा राहत नाही, आणि भजे बाहेरून खुसखुशीत पण आत मऊ शिजते.

चिरलेल्या कांद्याला पाव चमचा मीठ हलक्या हाताने चोळून दहा मिनिटे ठेवावे. मीठ कांद्यातील पाणी बाहेर ओढते. तेवढ्याच पाण्यात पीठ भिजवायचे. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. वहिनी याबाबत फार कडक आहेत. मग ओवा तळहातावर चुरून, चिमूटभर हळद, बेताचे तिखट, मूठभर चिरलेली कोथिंबीर, आणि साधारण एक वाटी बेसन. बेसन एकदम ओतू नये. कांद्याच्या फोडी एकमेकींना धरतील इतकेच लागते. एक चमचा तांदळाची पिठी घातली की भजे तेल कमी धरते. खाण्याचा सोडा घालू नये. सोड्याने भजे फुगते, जाळीदार होते आणि त्या जाळीत तेल शिरते. शिवाय सोडा म्हणजे सोडियम, म्हणजे रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णाला मिठाचीच छुपी भर.

तेल आम्ही शेंगदाण्याचे वापरतो. आमच्या भागात पूर्वी करडईचे तेल घरोघरी असे आणि भाजीला, फोडणीला ते चांगलेच. पण ते उष्णतेने लवकर बिघडणाऱ्या जातीचे असल्यामुळे तळणीला शेंगदाण्याचे बरे. तेल तापल्याची खूण म्हणजे पिठाचा कण टाकताच तो तळाशी क्षणभर टेकून लगेच वर यावा. तळाशीच बसला तर तेल गार आहे; पडताक्षणी काळवंडला तर फार तापले आहे. मोजायचेच तर १७० ते १८० अंश सेल्सियस.

गार तेलात तळण्याने काय होते हे मला डोळ्यांनी पाहायचे होते. वहिनींच्या स्वयंपाकघरात मसाले मोजायचा काटा आहे. मी तळणीच्या आधी तेलासकट कढईचे वजन केले आणि तळून झाल्यावर, गार झाल्यावर पुन्हा केले. वीस भज्यांनी बासष्ट ग्रॅम तेल नेले होते, म्हणजे भज्यामागे तीन ग्रॅमच्या आसपास. पुढच्या आठवड्यात मुद्दाम मंद आचेवर, सोडा घालून, कढईत गर्दी करून तितकीच भजी तळली. या खेपेस एकशेचार ग्रॅम तेल गेले. तोच कांदा, तेच पीठ. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे आणि वहिनी त्या दिवशी माझ्या नासलेल्या तळणीवर बऱ्याच बोलल्या. पण "तळलेले" हा शब्द एकाच मापाने मोजता येत नाही, हे माझ्यापुरते सिद्ध झाले. नीट तळलेली चार भजी म्हणजे सुमारे बारा ग्रॅम तेल, अडीच चमचे. त्या दिवशीच्या भाजीची फोडणी आम्ही तेवढ्याने कमी करतो.

याचे कारण सोपे आहे. तापलेल्या तेलात भज्यातील पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडत असते आणि ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. आच मंद असली की वाफेचा जोर ओसरतो. आणखी एक गोष्ट मला नवी होती: बरेचसे तेल भजे कढईतून बाहेर काढल्यावर, गार होताना आत शोषले जाते. म्हणून झाऱ्यावर नीट निथळून भजे उघड्या चाळणीत ठेवावे, ताटात ढीग करू नये. वर्तमानपत्राच्या कागदावर तर मुळीच ठेवू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्याविरुद्ध बजावले आहे.

उरलेले तेल गाळून दोन दिवसांत भाजीला वापरून संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचाही सल्ला असाच आहे. रस्त्याकडेच्या गाड्यावरचे भजे आणि घरचे भजे यांत मी जो भेद करतो तो या तेलामुळेच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जी विघातक द्रव्ये साठतात त्यांवर २०१८ पासून देशात कायद्याने मर्यादा आहे, पंचवीस टक्क्यांची. पण फाट्यावरच्या कढईत डोकावून ती कोण मोजणार? तेल काळे, दाट आणि फेसाळ दिसले तर पुढे चालू लागावे. नातवाने प्रेमाने बांधून आणलेले असले तरी.

चटणीविषयी मात्र सावकाश सांगतो, कारण आईच्या जेवणाला वळण लावले ते मला वाटते भज्यांपेक्षा चटणीने.

वय वाढते तशी जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही मंदावतात. त्यात औषधांची भर. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडाला धातूची चव येते. लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या, मूत्राशयाच्या आणि मनाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. कोरड्या तोंडात भाकरी भुशासारखी लागते. असा माणूस "भूक नाही" म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळदा म्हणायचे असते की चव नाही, आणि घास गिळवत नाही. त्यावर आपण मीठ काढून घेतो. मग उरते काय? आंबट रस आणि ताज्या पाल्याचा वास या दोन गोष्टी अशा वेळी उपयोगी पडतात. लिंबाने तोंडाला पाणी सुटते; कोथिंबीर-पुदिन्याचा वास मंद नाकालाही पोहोचतो. मिठाची उणीव त्याने बरीचशी झाकली जाते.

एक लहान जुडी कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, पुदिन्याची मूठभर पाने (देठ नकोत, ते कडवटतात), आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अर्धा चमचा भाजलेले जिरे, दोन लसणीच्या पाकळ्या, आणि अंगासाठी चमचाभर डाळवं किंवा भाजलेले शेंगदाणे. मिरची आईच्या वाट्यात नसते. तिखटाने तिला ठसका लागतो. घरातल्या इतरांसाठी वेगळी मिरची वाटून मिसळता येते. हे सारे थंड पाण्याच्या चमचाभर शिडकाव्यात वाटावे. वहिनी पाट्यावर वाटतात आणि मिक्सरच्या चटणीला नाके मुरडतात. मला फरक कळतो, पण ज्या घरी सांभाळणारे माणूस एकटे आहे त्यांनी खुशाल मिक्सर लावावा. मग फडक्यात दोन तास टांगलेले घरचे घट्ट दही अर्धी वाटी घालून एकजीव करावे. दह्याने चटणी भज्याला धरते, ओघळत नाही, आणि थोडी प्रथिनेही देते. लिंबू सर्वांत शेवटी, वाढताना. आधी पिळले तर हिरवा रंग मळकट होतो. मीठ दोन चिमटी. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि भज्यांत ते आधीच गेलेले आहे.

पाला धुण्यात आळस करू नका. कोथिंबीर जमिनीलगत वाढते, तिला कोणते पाणी मिळाले ते आपण पाहिलेले नसते, आणि चटणी कच्चीच खायची असते. टायफॉइड व अमिबाचे जंतू असेच घरात येतात, आणि म्हाताऱ्या माणसाला दोन दिवसांचे जुलाबही अंथरुणाला खिळवतात. मुळे कापून पाने मोकळी करावी, मोठ्या पातेल्यात तीनदा पाणी बदलून, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत धुवावी, आणि शेवटचे पाणी पिण्याचे असावे. दह्यातली चटणी फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतच.

इथवर वाचून कोणी आज संध्याकाळीच कढई चढवणार असेल तर जरा थांबावे. सर्वांना हे चालत नाही. ज्यांना पित्ताशयात खडे असून दुखते, ज्यांना स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे, त्यांना तळलेले खरोखर बंद. तिथे माझे जुने दोन शब्दच बरोबर आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियमची मर्यादा असते आणि बेसन व कोथिंबीर दोन्हींत ते भरपूर असते, म्हणून आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी हिरवा पाला एकदम वाढवू नये किंवा एकदम सोडू नये. चमचाभर चटणीने बिघडत नाही, वाटीभराने रक्ततपासणीचा आकडा हलू शकतो. ज्यांच्या घशाशी आंबट येते त्यांनी भजी दुपारी चारला खावीत, रात्री नऊला नव्हे.

पक्षाघात किंवा कंपवात असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना मला विशेष सांगायचे आहे. पाणी पिताना खोकला येतो का? घास गेल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतो का? जेवण गालात साठून राहते का? यांपैकी काही असेल तर खुसखुशीत, चुरा होणारा पदार्थ देऊ नका. तो चुरा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. अशांसाठी भजी कढीत भिजवून देतात असे मी अनेक घरांत पाहतो. तेही घातक आहे, कारण पातळ कढी आणि घट्ट तुकडा एकाच घासात सांभाळणे दुबळ्या घशाला सर्वांत कठीण जाते. त्यांना दह्याची घट्ट चटणी मऊ, एकजीव खिचडीवर घालून द्यावी, तीही आधी गिळण्याची तपासणी करून घेतल्यावर. नुसते दात नसलेल्या पण गिळणे ठीक असलेल्या आजींना कढीतली भजी अवश्य द्या. खाताना मात्र प्रत्येकाने ताठ बसावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

एकट्या भज्यांनी आईचे वजन वाढले, असा माझा दावा नाही. मी तिची तोंड कोरडे पाडणारी एक गोळी बदलली, कवळी नीट बसवून घेतली, थायरॉइड व इतर तपासण्या केल्या. तूप-दूध परत आले, भाकरीवर शेंगदाण्याचे कूट परत आले. वर्षभरात ती सेहेचाळीस किलोंवर आली, पुढे गेली नाही. सुरुवात कोठून झाली, एवढे मात्र मला ठाऊक आहे. त्या नवमीला चार भजी खाल्ल्यावर तिने आपण होऊन वहिनींकडे आमटीभात मागितला होता.

चातुर्मासात कांदा-लसूण नाही, तेव्हा वहिनी घोसाळ्याची भजी करतात, कधी मायाळूच्या पानांची. दोन्ही आतून लोण्यासारखी मऊ, कवळीवाचूनही जमणारी. चटणीतली लसूण तेवढे दिवस जाते, आले वाढते. फळीखालचा माझा कागद अजून तिथेच आहे. चौदापैकी नऊ ओळींवर मी स्वतः रेघ मारली. लोणचे आणि पापड कायम आहेत. खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: बुधवार, चार वाजता, भजी ४.

गेल्या बुधवारी मी तिथे होतो. ताटली पुढे आली तेव्हा आईने आधी चाळणीतला चुरा बोटांनी गोळा केला आणि तोंडात टाकला. मग भजे उचलले, चटणीत बुडवले, सावकाश चावले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मीठ कमी आहे."

"आहे तेवढंच आहे, आई," मी म्हणालो.

तिने दुसरे उचलले.